नखरेल म्हटलेलं पिल्लू: ठमीचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमच्या चार-पाच जणांच्या गटाचं काम साधं आहे. कुणाला बेवारस मांजराचं पिल्लू सापडलं आणि ते वाढवायची त्यांची तयारी असली, की पहिले काही आठवडे आम्ही त्यांच्या सोबतीला राहतो. बहुतेक वेळा फोनवर, अडलं तर घरी जाऊन. हे प्रकरण त्यातलंच एक. माणसांची ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. वजनं, दिवस आणि चुका मात्र झाल्या तशाच ठेवल्या आहेत. त्यातल्या काही चुका माझ्या आहेत.

घरात चौघं. नोकरी करणाऱ्या ताई, त्यांचे यजमान, बारा वर्षांचा मुलगा आणि ताईंचे सासरे, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात. मुलाला एका उभ्या गाडीच्या चाकामागे राखाडी पिल्लू दिसलं. दोन दिवस लांबून लक्ष ठेवलं, आई फिरकली नाही, म्हणून उचलून आणलं. त्याच संध्याकाळी नाव पडलं ‘ठमी’. नाव ठेवण्यात आशा होती की चेष्टा, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. कारण तिच्या पाठीचे मणके केसांवरूनही बोटाला लागत होते.

चौथ्या दिवशी ताईंनी तिला डॉक्टरांकडे नेलं. वय दातांवरून ठरलं. पिल्लाचे पुढचे दुधाचे दात दोन ते चार आठवड्यांत येतात, मग सुळे, आणि दाढा साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत. ठमीचे हे सगळे आलेले होते, डोळ्यांचा निळा रंगही बदलायला लागला होता. डॉक्टरांचा अंदाज आठ ते नऊ आठवड्यांचा. वजन भरलं ५६० ग्रॅम. जन्मताना पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास असतं आणि पुढे आठवड्याला साधारण तेवढीच भर पडते. म्हणजे या वयाला साडेआठशे-नऊशे ग्रॅम हवे होते. ठमी पाच आठवड्यांच्या पिल्लाएवढी होती.

डॉक्टरांनी जंतांचं औषध पाजलं, पिल्लांचं कॅट फूड द्यायला सांगितलं आणि आठवड्याने या म्हणाले.

अडचण

नवव्या दिवशी ताईंचा मला पहिला फोन आला. त्यांचं पहिलं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे: “खूप नखरेल आहे हो, कशालाच तोंड लावत नाही.”

त्या पाच दिवसांत घरात काय काय आलं होतं? दोन प्रकारचं ड्राय फूड, सहा वेगवेगळ्या चवींचे वेट फूडचे पाउच, एक टिन, उकडलेलं चिकन आणि चाटायच्या क्रीमी ट्रीटच्या नळ्या. ठमी पाउचमधली ग्रेव्ही चाटायची, तुकडे तसेच ठेवायची. ड्राय फूडचा एखादा दाणा तोंडात घ्यायची, मान तिरकी करायची आणि टाकून द्यायची. ट्रीटची नळी मात्र तिला हवीच असायची. एखादी गोष्ट तिने नाकारली, की पुढच्या वेळी बशीत दुसरी यायची. दोन दिवसांत तिच्यासमोर पाच वेगळे वास येऊन गेले होते.

मी फोनवर काय सांगितलं? “अन्न कोमट करून द्या, वास सुटला की खाईल. दोन दिवसांनी कळवा.” सल्ला चुकीचा नव्हता. मांजर चवीच्या आधी वासावर ठरवतं, फ्रिजमधून काढलेल्या गार अन्नाला फारसा वास नसतो. पण ‘नखरेल’ हा शब्द मी ताईंकडून जसाच्या तसा उचलला आणि त्यावरच उत्तर दिलं. वजन विचारलं नाही. खायला धावत येते का, हेही विचारलं नाही.

अकराव्या दिवशी ताईंचा आवाज बदलला होता. “आज ती खेळली नाही.” मी घरी गेले.

घरी काय दिसलं

स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा मी सोबत नेला होता. त्यावर एक छोटं खोकं ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि ठमीला आत बसवलं. ५४१ ग्रॅम. आठवड्यात शंभर ग्रॅम वाढायला हवे होते, तिथे वीस ग्रॅम कमी झाले होते.

मग बशी ठेवली. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं तीच. ठमी धावत आली. म्हणजे भूक होती. वाकली, दोनदा चाटलं, मान झटकली, मागे सरकली, पुन्हा आली, पुन्हा चाटलं, आणि पंजाने तोंड पुसल्यासारखं करून बाजूला जाऊन बसली. ज्याला खायचंच नाही ते जनावर बशीकडे पाहतही नाही. ठमीला खायचं होतं आणि खाता येत नव्हतं. एका नाकपुडीवर वाळलेला पापुद्रा होता आणि चाटताना ती तोंडाने सुस्कारा टाकत होती. मधूनच शिंकली. ताई म्हणाल्या, “शिंका तर पहिल्या दिवसापासून आहेत, धूळ असेल असं वाटलं.”

पोटात नक्की किती जातंय, ते कुणालाच माहीत नव्हतं. “दिवसभर काही ना काही चाललेलं असतं” एवढंच. शेवटी मुलाने डोकं चालवलं. केराचा डबा उलटा करून त्याने आदल्या दिवशीची रिकामी पाकिटं मोजली आणि आम्ही हिशोब मांडला. ट्रीटच्या तीन नळ्या, मिळून वीसेक किलोकॅलरी. चाटलेली ग्रेव्ही पंधरा ग्रॅम धरली तर आठ-दहा, कारण ग्रेव्ही म्हणजे बहुतेक पाणीच. ड्राय फूड चार ग्रॅम, म्हणजे सोळा. इथवर पन्नाससुद्धा भरत नव्हते.

तेव्हा आप्पा हळूच म्हणाले, “थोडं दूधही असतं.” सकाळ-संध्याकाळ मिळून दोन मोठे चमचे, साखर घालून. तीस मिलिलिटर गायीचं दूध म्हणजे आणखी वीस. (साखर मात्र फुकट गेली. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही, गोडाचा स्वाद ओळखणारा त्यांचा एक जनुक निकामी आहे. हे ऐकून आप्पांना दुधापेक्षा जास्त वाईट वाटलं.)

बेरीज सत्तरच्या खालीच राहिली. गरज किती? पशुवैद्यकात वापरतात तो हिशोब असा: वजन किलोमध्ये घेऊन त्याचा ०.७५ घात काढायचा, त्याला सत्तरने गुणायचं, ही झाली निवांत पडून राहायची ऊर्जा. वाढत्या पिल्लाला त्याच्या अडीचपट तरी लागते. ठमीसाठी ते एकशे दहाच्या आसपास आलं. जेवढं पोटात जात होतं तेवढ्यात ती जेमतेम जिवंत राहू शकत होती. त्यातही दुधातली लॅक्टोज साखर न पचल्याने शी पातळ होत होती, म्हणजे खाल्लेलंही पुरतं अंगी लागत नव्हतं. आणि ट्रीटच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरांत ‘पूरक आहार’ असं छापलेलं होतं. त्यावर पिल्लू वाढवता येत नाही.

समोर असलेले पर्याय

ताईंच्या यजमानांचं म्हणणं होतं की लाड बंद करा, भूक लागली की झक मारत खाईल. मोठ्या, धडधाकट माणसाबद्दल हे ठीक आहे. अर्ध्या किलोच्या पिल्लाच्या यकृतात साठा नगण्य असतो. काही तास उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरते, अंग गार पडतं, आणि गार पडलेल्या पिल्लाचं आतडं चालेनासं होतं, मग भरवलेलंही पचत नाही. लहान पिल्लू बारा तास जेवलं नाही तर ती डॉक्टरांकडे न्यायची वेळ असते. हा पर्याय मी वादाला जागा न ठेवता बाजूला काढला.

आणखी एक नवं फूड आणायचं? ते तर पाच दिवस चाललंच होतं.

आप्पांचा आग्रह उकडलेल्या चिकनचा होता. ठमी त्याचे तंतू खायची, हे खरं होतं. पण नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असतं. वाढत्या पिल्लाचं शरीर मग ते हाडांतून काढून घेतं, आणि उडी मारताना पाय मोडण्यापर्यंत गोष्ट जाते. शिजवून पाणी फेकलं तर टॉरिन, म्हणजे मांजराला अन्नातूनच मिळवावं लागणारं एक द्रव्य, तेही त्याबरोबर जातं. टॉरिनशिवाय मांजराचा डोळ्याचा पडदा झिजतो हे १९७५ साली आणि हृदयाचा स्नायू कमकुवत होतो हे १९८७ साली पुढे आलं. म्हणून आमिष म्हणून चिमूटभर चिकन चालेल, जेवण म्हणून नाही, असं ठरलं. त्यात कांदा-लसूण तर अजिबात नको, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

सिरिंजने भरवणं हा पर्याय सगळ्यांना लगेच सुचतो, कारण त्यात आपण काहीतरी केल्यासारखं वाटतं. नाक चोंदलेल्या पिल्लाच्या बाबतीत मला त्याचीच जास्त भीती वाटते. अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया. शिवाय जबरदस्तीने तोंडात गेलेल्या अन्नाचा वास पिल्लू लक्षात ठेवतं आणि नंतर त्याच बशीपासून पळतं. तो मार्ग आम्ही शेवटचा म्हणून ठेवला, आणि तोही डॉक्टरांनी हातात धरून दाखवला तरच.

उरला तो पर्याय खरं तर पहिला असायला हवा होता: खाता का येत नाही ते शोधायचं. त्याच दुपारी ठमीला पुन्हा दवाखान्यात नेलं, या वेळी सोबत हिशोबाचा कागद आणि डबीत ताजी शी घेऊन.

तपासणीत काय निघालं

डॉक्टरांनी जबडा उघडून जीभ बाजूला केली आणि आम्हाला बोलावून दाखवलं. जिभेच्या कडेला मसुराएवढा व्रण. ड्राय फूडचा दाणा तिरक्या मानेने का पडत होता, ते तिथेच कळलं. जिभेचा व्रण, शिंका, चोंदलेलं नाक, सगळं मिळून त्यांचा संशय कॅलिसी विषाणूवर होता. नक्की करणारी चाचणी केली नाही, कारण उपचार त्याने बदलणार नव्हता.

शी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. गोल जंतांची अंडी होतीच, शिवाय कॉक्सिडिया नावाचे एकपेशीय परजीवी होते. जंतांचं औषध देऊन झालं होतं, तरी अंडी कशी, असं ताईंनी विचारलं. ते औषध आतड्यातले मोठे जंत मारतं. शरीरात फिरत असलेल्या अळ्या नंतर आतड्यात येऊन मोठ्या होतात, म्हणून दर दोन आठवड्यांनी ते पुन्हा द्यावं लागतं. आणि कॉक्सिडियावर त्या औषधाचा काहीच परिणाम होत नाही, त्याचं औषध वेगळं.

तापमान ३८.९ अंश सेल्सिअस, म्हणजे मांजरासाठी नेहमीचंच. हिरड्या फिकट पण गुलाबी. साखर काठावर. अंगात पाणी कमी. कातडीखाली सलाईन दिलं, वजनाप्रमाणे मोजून वेदनाशामक दिलं. (घरातली तापाची गोळी चिमूटभर द्यायचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर सांगते, पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं.) दवाखान्यातल्या काट्यावर वजन ५३८. पुढचे सगळे दिवस मी याच आकड्यापासून मोजले. हा पहिला दिवस.

दवाखान्यात ठेवायचं का, यावर दहा मिनिटं बोलणं झालं. ठेवलं तर नळीने भरवणं सोपं आणि रात्री लक्ष राहतं. पण ठमी जागी होती, उबदार होती, स्वतः चाटत होती, आणि घरात रात्री उठणारी तीन माणसं होती. डॉक्टरांनी घरी सोडलं, पण रेघा आखून दिल्या. बारा तासांत ठरलेल्याच्या निम्मंही गेलं नाही, वजन सलग दोन दिवस उतरलं, किंवा ती लुळी, गार, झोकांड्या खाणारी दिसली, तर वाट पाहायची नाही. तसं झालंच तर हिरड्यांना साखरेचं पाणी चोळायचं आणि थेट निघायचं. घरच्यांसाठी या रेघा फार कामाच्या ठरल्या. रात्री दोन वाजता माणसाला विचार करता येत नाही, फक्त वाचता येतं.

काय केलं

एकच फूड ठरवलं. पिल्लांच्या वाढीसाठीचं, ‘पूर्ण आहार’ असं लिहिलेलं, लोण्यासारखं मऊ वाटलेलं. तुकडे नाहीत, ग्रेव्ही नाही. जिभेला व्रण असताना चावायला लागू नये, हा एकच निकष. शंभर ग्रॅमला साधारण शंभर किलोकॅलरी असल्याने मुलाला हिशोब सोपा गेला: दिवसाला एकशे दहा-वीस ग्रॅम, सहा वेळा. पण पहिल्याच दिवशी एवढं द्यायचं नाही. बरेच दिवस अर्धपोटी राहिलेल्या शरीरावर एकदम भरपूर अन्न आदळलं तर रक्तातले क्षार बिघडतात. म्हणून पहिल्या दिवशी साठ ग्रॅमचं लक्ष्य, मग तीन-चार दिवसांत पूर्ण.

जेवणाच्या दहा मिनिटं आधी ताई बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ करायच्या आणि ठमीला मांडीवर घेऊन बसायच्या. मग सलाईनमध्ये भिजवलेल्या कापसाने नाक पुसायचं. अन्नाची वाटी गरम पाण्यात ठेवून अंगाच्या उबेइतकी करायची. मायक्रोवेव्ह नको, त्यात मधेच एखादा घास चटका देणारा राहतो. खोलगट वाटीऐवजी पसरट बशी. लिटर ट्रेच्या (शी-शूच्या ट्रेच्या) शेजारी होती ती जेवायची जागा खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली. वीस मिनिटांनी बशी उचलायची, उरलेलं काट्यावर मोजायचं, वहीत लिहायचं. ट्रीटची नळी बंद केली नाही. मटाराएवढा ठिपका अन्नावर पसरायचा, म्हणजे ट्रीट चाटता चाटता खालचं जिभेला लागतं. हा ठिपका रोज थोडा लहान.

दूध बंद. आप्पांनी ते मनावर घेतलं असं मी धरून चालले.

पहिल्या दिवशी ५८ ग्रॅम गेलं. दुसऱ्या दिवशी ७१. सगळे खूश. दुसऱ्या दिवसाचं वजन ५३४ भरलं तेव्हा मुलगा रडवेला झाला. आदल्या दिवशी कातडीखाली भरलेलं पाणी बाहेर गेलं होतं, एवढंच. अर्ध्या किलोच्या जिवात एक पोटभर जेवण किंवा एकदा झालेली शी म्हणजे वीस ग्रॅमचा फरक. म्हणून वजन रोज सकाळी जेवणाआधीच करायचं आणि तीन दिवसांची चाल पाहायची, असं ठरलं.

तिसरी रात्र

तिसऱ्या दिवशी दुपारपासून ठमीने बशीकडे पाठ फिरवली. अगदी शब्दशः. वास घ्यायची आणि पंजाने जमीन उकरायची, जणू घाण झाकतेय. बारा तासांत ९ ग्रॅम. रात्री दोनला फोन.

रेघ ओलांडली गेली होती. मी विचारलं, अंग कसं आहे? उबदार. हिरड्या? गुलाबी. उभी राहते? दोरीमागे धावली सुद्धा. रात्री उघडा असलेला दवाखाना तासाभराच्या अंतरावर. फोनवर डॉक्टरांना गाठलं. त्यांनी सांगितलं, तब्येत अशी असेल तर शिकवल्याप्रमाणे सिरिंजने दोनदा भरवा आणि सकाळी आठला या. जरा जरी मलूल दिसली तर आत्ता निघा. ताईंनी अन्न पातळ करून, ठमीला पोटावर बसवून, डोकं मागे न झुकवता, गालाच्या कडेने अर्धा-अर्धा मिलिलिटर दिलं. गिळू दिलं, मग पुढचं. एकूण सहा मिलिलिटर, तीन तासांनी पुन्हा सहा. पंचवीस मिनिटं लागली म्हणाल्या, आणि त्यांचा गाऊन बदलावा लागला.

कारण सकाळी कळलं. कॉक्सिडियाचं औषध पाजताना ठमी फेस काढते, ते आप्पांना पाहवलं नाही. त्यांनी दुपारचा डोस मायेने तिच्या अन्नात कालवला होता. कडू औषध, तेही एकुलत्या एका ठरलेल्या अन्नात. मांजर हे एकदाच शिकतं आणि लवकर विसरत नाही.

इथे माझा आणि ताईंचा मतभेद झाला. माझं म्हणणं होतं की तेच फूड चालू ठेवावं, औषध वेगळं केलं की दोन दिवसांत विसरेल. पुन्हा बदलाबदली सुरू झाली तर सगळं मुळापासून. ताई म्हणाल्या, “तिने ते उकरून झाकलंय. माझ्या ताटात कुणी एकदा औषध कालवलं असतं तर मी महिनाभर ती भाजी खाल्ली नसती.” त्यांनी तसंच मऊ, वाढीचंच, पण दुसऱ्या मांसाचं फूड आणलं. ठमीने पहिल्या बशीत १७ ग्रॅम खाल्लं. ताई बरोबर होत्या. माझा नियम योग्य होता, पण तो घृणा बसलेल्या अन्नाला लावायचा नसतो, हे मला माहीत असूनही मी नियमाला धरून बसले.

औषधाची वेळ जेवणापासून तासभर लांब नेली, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या टॉवेलमध्ये. पाजायचं काम यजमानांकडे गेलं, कारण त्यांचा हात थरथरत नाही आणि ठमी त्यांच्यावर रागावली तरी चालण्यासारखं होतं. आप्पांना कुणी रागावलं नाही. त्यांना सकाळी सहाची बशी आणि वजन, ही दोन कामं दिली गेली. त्यांच्या अक्षरातल्या नोंदी वहीतल्या सगळ्यात नीट नोंदी आहेत.

परिणाम

पाचव्या दिवशी ५५२. सातव्या दिवशी ५७४, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सहाच्या सहा बशा साफ. जिभेचा व्रण दहाव्या दिवशी दिसेनासा झाला होता. शी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घट्ट व्हायला लागली. दूध थांबल्याने की औषधाने, ते वेगळं काढता येत नाही, दोन्ही एकाच वेळी झालं. चौदाव्या दिवशी ६६८, एकविसाव्या दिवशी ७७५. दिवसाला तेरा ते पंधरा ग्रॅम, म्हणजे निरोगी पिल्लाचा वेग. दुसऱ्या तपासणीत कॉक्सिडिया सापडले नाहीत. जंतांचा पुढचा डोस दिला गेला. लांबणीवर टाकलेली पहिली लस विसाव्या दिवशी झाली.

अठ्ठाविसाव्या दिवशी ८८४ ग्रॅम. वयाच्या मानाने ती अजूनही मागेच आहे, तेरा आठवड्यांना किलोच्या बऱ्यापैकी वर असायला हवी. डॉक्टरांना त्याची चिंता नाही, वाढीची रेघ सरळ वर जातेय. ड्राय फूड चौथ्या आठवड्यात कोमट पाण्यात भिजवून सुरू केलं, रोजच्या मऊ फूडमध्ये चमचाभर मिसळून. ते तिला अजून फारसं आवडत नाही. ट्रीटचा ठिपका सतराव्या दिवशी संपला आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. काट्यावरच्या खोक्यात मात्र ती आपणहून जाऊन बसते, कारण त्यानंतर बशी येते.

काय वेगळं करता आलं असतं

घरात काटा ठमी आली त्या दिवशीच यायला हवा होता. (इथून पुढचे दिवस ती घरी आल्यापासूनचे.) चौथ्या दिवसाचे ५६० आणि अकराव्या दिवसाचे ५४१ यांच्यामध्ये सात दिवस कुणालाच काही कळलं नाही, कारण रोज पाहणाऱ्याला वीस ग्रॅम दिसत नाहीत. रोज वजन केलं असतं तर सहाव्या-सातव्या दिवशीच घंटा वाजली असती.

पहिल्या भेटीत शी तपासायला मागता आली असती. डॉक्टरांना दोष नाही. त्या दिवशी ताईंनीच “बाकी ठीक आहे, फक्त खात नाही” असं सांगितलं होतं. शिंकांचा उल्लेख झाला असता तर तोंडही तेव्हाच उघडून पाहिलं गेलं असतं, असं मला वाटतं. पण तोवर घरात सगळ्यांनी नखरेल ठरवलं होतं, आणि तो शब्द एकदा चिकटला की पिल्लाची प्रत्येक हरकत त्यातच बसते. दाणा टाकला, नखरा. ग्रेव्हीच चाटली, नखरा.

माझ्यापुरतं बोलायचं तर नवव्या दिवसाचा फोन. मी दिलेले दोन दिवस तिच्याकडे नव्हते. तेव्हापासून ‘खात नाही’ असा फोन आला की मी आधी विचारते, बशी ठेवल्यावर पळत येतं की नाही. येऊन मागे सरकत असेल तर कोमट अन्नाचा सल्ला मी देतच नाही, नाक-तोंड दाखवून या म्हणते.

दवाखान्यात ठेवायला हवं होतं का, हा प्रश्न राहतोच. ठेवलं असतं तर तिसरी रात्र टळली असती. दुसऱ्या बाजूने, पिंजऱ्यात, अनोळखी वासात, कुत्र्यांच्या भुंकण्यात ती स्वतःहून किती चाटली असती? डॉक्टर आजही म्हणतात की निर्णय काठावरचा होता. माझं मत घराच्या बाजूचं आहे, पण तीन माणसं आळीपाळीने उठणारी असतील तरच. एकटं राहणाऱ्या कुणाकडे हेच पिल्लू असतं तर मी त्या दुपारी दवाखान्याचा आग्रह धरला असता.